मंडळ सोडावें काय?

गांवोगांवच्या भजनी मंडळांतून एक तक्रार आमच्या कानीं वरचेवर येते. चांगला गळा असलेला मनुष्य मंडळ सोडून एकटा गाऊं लागला, कीं मागें राहिलेले त्यास गर्विष्ठ म्हणतात, व तो त्यांस मत्सरी म्हणतो. प्रिय वाचकहो, हे दोन्ही शब्द जिभेवर फार लवकर येतात. म्हणून एका दूरच्या उदाहरणाचा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरीं सन १९४८ मध्यें ‘वीव्हर्स’ म्हणजे ‘विणकर’ या नांवाचें एक गायक मंडळ निघालें. त्यांत पीट सीगर, ली हेज व फ्रेड हेलरमन हे तिघे पुरुष व रॉनी गिल्बर्ट ही एक स्त्री. हेज हा मेथडिस्ट उपदेशकाचा मुलगा. १९५० सालीं लेडबेली या कृष्णवर्णीय गायकाकडून मिळालेलें एक गाणें त्यांनीं गाइलें, आणि तें तेरा आठवडे त्या देशांत पहिल्या क्रमांकावर राहिलें. पुढें कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्यांचीं नांवें काळ्या यादींत गेलीं, कामें बंद झालीं, व १९५२ मध्यें मंडळ मोडलें. १९५५ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं कार्नेगी हॉलमध्यें तीं चौघें पुन्हां एकत्र उभीं राहिलीं, तेव्हां सभागृह भरून गेलें.

मग सिगारेटच्या एका जाहिरातीसाठीं गाण्याचें बोलावणें आलें. तिघांनीं होकार दिला. सीगर एकटा विरुद्ध. तंबाखूचा अपाय त्यास दिसत होता, आणि गाणें असें विकावें हेंही त्यास रुचेना. (जत्रेंत ताशा वाजवून बिड्या खपविणारे आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत, गाण्यानें विकतां येत नाहीं अशी वस्तु विरळा.) तरी दिलेला शब्द म्हणून त्यानें तें ध्वनिमुद्रण पुरें करून दिलें, व मार्च १९५८ मध्यें मंडळ सोडलें. आपल्या जागीं एरिक डार्लिंग याचें नांव त्यानेंच सुचविलें.

येथें आम्ही बराच वेळ अडखळलों. काम वाईट होतें, तर तें केलें कां? आणि केलें, तर मग सोडलें कां? शिवाय उरलेल्या तिघांस दोष देणें सोपें आहे, पण तीन वर्षें रिकामें बसलेल्या माणसास पैशाला नाहीं म्हणणें किती जड जातें, हें दुष्काळ पाहिलेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. सीगर यास महाविद्यालयांतून एकट्यानें गाण्याचीं बोलावणीं येत होतीं, म्हणजे त्याचें दार अगदींच बंद नव्हतें. उलट, १९५५ मध्यें संसदीय समितीपुढें त्यानें आपल्या मतांविषयीं उत्तर देण्याचें नाकारिलें होतें, व त्याबद्दलचा खटला त्याच्या डोक्यावर लोंबत होता. १९६१ सालीं त्यास एक वर्षाची शिक्षा झाली; ती १९६२ मध्यें रद्द ठरली. अशा वेळीं सोबती सोडणें म्हणजे सुखाची वाट धरणें नव्हे. आम्हांस असें दिसतें कीं, बहुमताचें देणें त्यानें फेडलें, आणि पुढचें कर्ज मात्र काढूं दिलें नाहीं.

एकटा निघून त्यानें काय केलें? शाळांत, मुलांच्या शिबिरांत, देवळांत तो बँजो घेऊन गेला, व श्रोत्यांस गप्प बसूं देईना. सर्वांकडून गाववूं लागला. चौघांचें मंडळ सोडणाऱ्यानें जेथें गेला तेथें शेंकडोंचें मंडळ केलें. कृष्णवर्णीयांच्या मंडळ्यांतील भक्तिगीतांतून वाढलेलें ‘वुई शॅल ओव्हरकम’ हें गीत दूरवर नेणाऱ्यांत तो प्रमुख होता. त्याचें हिंदी रूप आपलीं मुलें शाळेंत गातात.

सन १९८० च्या नोव्हेंबरांत तीं चौघें कार्नेगी हॉलमध्यें पुन्हां गावयास आलीं. मधुमेहानें हेज याचे दोन्ही पाय गेले होते. तो चाकांच्या खुर्चींत बसून गाइला, आणि सीगर त्याच्या सोबतीस होता. दुसऱ्या वर्षीं हेज वारला.