विहिरीतला बैल आणि रविवारचा फोन



हातकणंगले तालुक्यात राहणाऱ्या आपल्याला रातपाळी नवी नाही. इचलकरंजीत 1904 साली पहिला यंत्रमाग सुरू झाला, तेव्हापासून या भागातील कितीतरी घरांचे जेवणखाण आणि झोप मागाच्या खडखडाटावर ठरत आली आहे. आज त्यातल्याच काही घरांतली मुले-मुली संगणकापुढे बसतात. तसे पाहिले तर हा व्यवसाय मागाला अगदीच परका नाही. फ्रान्समधील जाकार या कारागिराने 1804 च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने मागाला नक्षी विणायला लावले आणि पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात तीच युक्ती घेतली. विणकराचा मुलगा प्रोग्रामर झाला, तर तो घराण्याबाहेर गेला असे कशाला म्हणायचे?

फरक आहे तो वेगळाच. मागावर पाळी बदलली की दुसरा माणूस येऊन उभा राहतो आणि पहिला सायकल काढून घरी जातो. संगणकाच्या कामाला घर आणि कारखाना यांच्यामधला रस्ताच उरलेला नाही. 2020 च्या टाळेबंदीत पुण्याहून, हिंजवडीहून अनेक मुले लॅपटॉप घेऊन गावी आली. काही येथूनच काम करू लागली, तर काही सुट्टीपुरती हातकणंगले स्टेशनवर उतरतात. पण लॅपटॉप पाठीवर असतोच. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. तिकडच्या साहेबाची ती पहिली बैठक. आपल्याकडे ती वेळ रोझरीची, मुलांच्या अभ्यासाची, शेजारी येऊन बसण्याची. खोलीचे दार बंद, कानाला हेडफोन. चार वर्षांचे पोर दाराबाहेरून विचारते, "पप्पा, तुमचं संपलं का?" आजी त्याला हाताला धरून अंगणात नेते.

आणि रविवार? ग्राहकांची वर्दळ कमी असते म्हणून नवा प्रोग्राम चढवण्याचे काम पुष्कळदा शनिवारी रात्री किंवा रविवारी ठेवतात. काही बिघडले की फोन वाजतो. मिस्सा चालू असताना खिशातला फोन थरथरतो आणि मागच्या बाकावरचा तरुण हळूच बाहेर पडतो. लोक माना वळवून पाहतात. त्याच्याविषयी मत बनवण्याआधी संत लूककृत शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय काढून पाहावा असे आम्हांला वाटते.

तेथे प्रभू येशू शब्बाथ दिवशी एका परूशाच्या घरी जेवायला गेला आहे. सगळे त्याच्यावर नजर ठेवून आहेत. जलोदर झालेल्या एका माणसाला तो बरे करतो आणि त्या विद्वानांना विचारतो की, तुमचा मुलगा किंवा बैल शब्बाथ दिवशी विहिरीत पडला, तर तुम्ही त्याला लगेच वर काढणार नाही का? त्यांना उत्तर देता येत नाही. विहिरी आणि बैल पाहिलेल्या आपल्याला तर हा प्रश्न समजावून सांगायलाच नको. दोर आणा, माणसे बोलवा, वार कोणता ते नंतर पाहू! एखाद्या रुग्णालयाची यंत्रणा बंद पडली, लोकांचे पैसे अडकले, तर तो विहिरीत पडलेला बैलच आहे. तो काढायला गेलेल्या माणसाला प्रभू दोष देत नाही, आपणही देऊ नये.

पण बैल दर रविवारी विहिरीत पडू लागला तर? मग प्रश्न बैलाचा राहत नाही, कठड्याचा होतो. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात नियम आहे: ज्याने खड्डा उघडा ठेवला आणि त्यात कोणाचा बैल वा गाढव पडले, त्याने भरपाई द्यावी. विहीर कोणी उघडी ठेवली? कधी वरचा साहेब, ज्याने ग्राहकाला न झेपणारी तारीख कबूल केली. कधी स्वतः प्रोग्रामर, ज्याने चाचणी उरकली, किंवा ज्याला "नाही, एवढ्यात होणार नाही" हे तीन शब्द जास्त पगाराच्या भीतीने किंवा आशेने म्हणता आले नाहीत... (शब्द तीनापेक्षा जास्त झाले, पण अडचण तीच.) कधी आपण घरचेही. फ्लॅटचा हप्ता, गाडी, नातेवाइकांत मिरवलेले पॅकेज. मुलाने कमी पगाराची पण संध्याकाळ मोकळी ठेवणारी नोकरी धरली, तर आपण त्याचे कौतुक करू का?

कठडा बांधायचा कसा, हे या व्यवसायातील लोकांना पक्के ठाऊक आहे. शुक्रवारी संध्याकाळी नवा कोड चढवू नये, हे शहाणपण त्यांच्यातच विनोदाने सांगितले जाते. आपल्याखेरीज कोणालाच कळणार नाही असे काम करून ठेवू नये, नीट लिहून ठेवावे, म्हणजे दुसऱ्यालाही ते उचलता येते. फोन घेण्याची पाळी लावावी. यात नवे काहीच नाही. एकच माणूस नेहमी लागतो, ही काहींना मोठेपणाची गोष्ट वाटते, एवढीच मेख आहे.

7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो आकुतिस याला संत म्हणून घोषित केले. 1991 साली जन्मलेला हा मुलगा स्वतःच प्रोग्रामिंग शिकला, साक्रामेंतातील चमत्कारांची माहिती त्याने संकेतस्थळावर मांडली, आणि व्हिडिओ गेमसाठी आठवड्याला एकच तास ठेवला. 2006 साली रक्ताच्या कर्करोगाने तो वारला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याला साहेब नव्हता, कर्जाचा हप्ताही नव्हता. म्हणून पस्तिशीतल्या बापाला त्याचे उदाहरण तेवढ्याच्या तेवढे लागू पडत नाही. यंत्र किती वेळ घेणार हे यंत्राने नव्हे तर आपण ठरवायचे, एवढे मात्र त्याच्याकडून घेता येते.

आपला रविवार सहज मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी. त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून 1884 पासून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली आणि 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, 1891 साली, पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर विश्वपत्र लिहिले आणि त्यात विश्रांतीचा हक्क मांडला. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. गिरणीतल्या बहुतेक कामगारांना रविवार ठाऊक होता तो खंडोबाचा वार म्हणून. तरी त्यांच्या लढ्यातून मिळालेल्या दिवशी आपण मिस्साला येतो.

शब्बाथाची आज्ञा वाचताना एक गोष्ट नजरेतून सुटते. निर्गमच्या विसाव्या अध्यायात विश्रांती केवळ घरधन्याला दिलेली नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका, सगळ्यांची नावे घेऊन ती दिली आहे. तेव्हा आमच्या तरुणाने "मला चर्चला जायचे आहे" म्हणून रविवारचा फोन कायमचा शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याच्या गळ्यात घातला, तर आज्ञा अर्धीच पाळली जाते. त्या सहकाऱ्यालाही घर आहे, दारामागे उभे असलेले पोर आहे. पाळीचा कागद दोघांनी एकत्र बसून करावा. नाताळचे दिवस त्याने सांभाळावेत आणि लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंतचे फोन आपल्या मुलाने घ्यावेत.