तारांकित प्रश्न

आमच्या बँकेत ‘सुरक्षित कर्ज’ नावाचा एक प्रकार असतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, वा! म्हणजे घेणाऱ्याला काही धोका नाही. प्रत्यक्षात ते बँकेला सुरक्षित असतं. घेणाऱ्याचं घर, नाहीतर बायकोच्या पाटल्या आमच्याकडे तारण पडलेल्या असतात, आणि त्यामुळे रात्री शांत झोप लागते ती आम्हाला. काउंटरच्या आतल्या बाजूला वीस वर्षं काढल्यामुळे कुणी ‘सुरक्षित’ म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, ‘कुणाला?’

ही सवय एरवी निरुपद्रवी आहे. छोटी मोटार घ्यायला निघालं की मात्र ती फार छळते.

मोटारीची गरज आमच्या घरात सुरक्षेपोटी निर्माण झाली नाही, जागेपोटी झाली. ‘अहो, आता स्कूटरवर चौघं मावत नाही,’ असं ही म्हणाली. दुचाकीवर दोघांनीच बसायचं असा कायदा आहे, पण आपल्याकडे कायदा वेगळा आणि मावणं वेगळं. रतन टाटांना लाखाच्या मोटारीची कल्पना सुचली तीही पावसात स्कूटरवर निघालेलं असंच एक कुटुंब बघून, असं ते सांगत. २००८ सालच्या जानेवारीत ती नॅनो दिल्लीच्या प्रदर्शनात अवतरली आणि डोक्यावर छप्पर येणार म्हणून आमच्यासारख्या कितीतरी जणांचे डोळे पाणावले. मग २०१४ सालच्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतातल्या पाच छोट्या मोटारी आणून ठोकरावर आपटल्या. नॅनो, ऑल्टो ८००, आय-टेन, फिगो आणि पोलो. पाचही एअरबॅग नसलेल्या. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही जणींना शून्य तारे!

तेव्हापासून आपल्याकडे तारे बघून मोटार घेण्याची पद्धत पडली. पूर्वी छत्तीस गुण जुळवायचे, आता पाच तारे. २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपली स्वदेशी ‘भारत एनकॅप’ही सुरू झाली, त्यामुळे परदेशी ज्योतिष्याकडे जायचं कारणही उरलं नाही.

शोरूममधल्या तरुणाला मी विचारलं, ‘ही गाडी सुरक्षित आहे का?’ तो उत्साहानं म्हणाला, ‘सर, पंचवीसचं मायलेज आहे!’ मी पुन्हा तेच विचारलं. त्यानं छताचं झाकण उघडून मला आकाश दाखवलं. तारे तिथूनच बघायचे, असा त्याचा अर्थ असावा.

मग घरी बसून मीच अभ्यास केला. ही परीक्षा अशी असते: मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगानं आणून तिचा चालकाकडचा चाळीस टक्के भाग अॅल्युमिनियमच्या पोळ्यासारख्या ठोकळ्यावर आपटतात. ही टक्कर साधारण आपल्याच वजनाच्या दुसऱ्या मोटारीशी झालेल्या टकरीसारखी धरतात. इथंच गोम आहे. पाचवीतल्या मुलाला पाचवीच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळाले म्हणून त्याला बी.कॉम.च्या वर्गात बसवता येत नाही. साडेसातशे किलोची मोटार आणि दीड हजार किलोची मोटार सारख्याच वेगानं समोरासमोर आल्या, तर छोटीच्या वेगात होणारा बदल मोठीच्या दुप्पट असतो. दोघींच्या कपाळावर पाच-पाच तारे असले तरीही.

हा मुद्दा मी शाखेत काढताच आमचे हेडकॅशियर खूश झाले. म्हणाले, ‘म्हणून तर मी मोठी घेतली. आता समोरचा आपलं बघून घेईल!’

साहेब मनानं सज्जन आहेत. फाटकी नोटसुद्धा हसतमुखानं बदलून देतात. पण त्या दिवशी मला द्विनोंदी पद्धतीची आठवण झाली. एका खात्यात जमा पडलं की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात नावे पडतंच. साहेबांच्या खात्यात जमा झालेल्या सुरक्षेचा बराच भाग नव्यानं निर्माण झालेला नव्हता, तो समोरच्याच्या खात्यातून वळता केलेला होता. आणि समोरच्यानं चेकवर सही केलेली नव्हती. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती आणि ३२,८२५ पायी चालणारी. म्हणजे शंभरातली चौसष्ट. आपल्याकडे दुचाक्याही खंडीभर आहेत, हे हिशेबात धरायला हवं, पण त्या चौसष्टांपैकी कुणालाही ताऱ्यांचा उपयोग नव्हता हे खरंच.

मोठी मोटार तशीही माझ्या आवाक्यात नव्हती, त्यामुळे हे नीतिमान विचार मला परवडले. खरा पेच छोट्यांमध्येच होता. एक मोटार दोन ताऱ्यांची, स्टाफ लोनमध्ये अलगद बसणारी. दुसरी जवळजवळ तेवढ्याच अंगाची, पण पाच ताऱ्यांची आणि अडीच लाखांनी महाग. (तिसरी एक जुनी, सेकंडहँड होती, अगदी स्वस्त. पण चालकापुढची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली १ जुलै २०१९ पासून, आणि ही त्याआधीची, एअरबॅगविना. तिला मी नमस्कार केला.) आता अडीच लाख माझ्याकडे आहेत. पण ते मुलीच्या नावानं मुदत ठेवीत आहेत आणि ती बारावी होईल त्या वर्षी पिकायचे आहेत.

अमेरिकेत १९७३ साली फोर्ड कंपनीतल्या माणसांनी असाच एक तक्ता मांडला होता. मोटार उलटल्यावर पेट्रोल सांडून आग लागू नये म्हणून गाडीमागे अकरा डॉलर खर्च येणार होता. सव्वा कोटी गाड्या, म्हणजे १३ कोटी ७० लाख डॉलर. दुसऱ्या बाजूला वाचणारी १८० माणसं, दर माणशी दोन लाख डॉलर. त्यात भाजलेले आणि जळालेल्या गाड्या मिळवून बेरीज झाली ४ कोटी ९५ लाख. निष्कर्ष: खर्च परवडत नाही. एक कॉमर्सवाला म्हणून सांगतो, तक्ता सुबक आहे. बेरजा बरोबर आहेत. आमच्या ऑडिटरनं डोळे झाकून हिरवी टिकली मारली असती. तरीही वाचताना अंगावर काटा येतो.

काटा येऊन गेल्यावर मी माझा कागद पाहिला. डावीकडे अडीच लाख, उजवीकडे तीन तारे.

मी आणि ते एकच का? मी दोन रात्री यावर घालवल्या. कंपनी परक्या माणसाचा जीव आपल्या पैशाशी तोलत होती. मी मुलीचा जीव मुलीच्याच शिक्षणाशी तोलत होतो, त्यात माझा नफा नव्हता. हा फरक मला पटला, पण सही तिथंही नव्हतीच. बँकेत लहान मुलाचं खातं उघडताना नावापुढं ‘अ.पा.क.’ लिहितात, अज्ञान पालनकर्ता. अज्ञान म्हणजे मूल असा त्याचा अर्थ. पण तो फॉर्म भरणाऱ्या बापाचा चेहरा पाहिला की विशेषण नेमकं कुणाचं याबद्दल शंका येते.

‘हो, पण कितीही पैसे ओतले तरी पूर्ण सुरक्षित काही नसतंच,’ असं आमचे शेजारी म्हणाले. हे वाक्य खरं आहे आणि निरुपयोगी आहे. त्या न्यायानं तिजोरीला कुलूपही लावू नये. हेच शेजारी पट्ट्याचा पींपीं आवाज सहन होत नाही म्हणून नुसतं बक्कल विकत आणून खाचेत खुपसणाऱ्यांपैकी आहेत. असली बक्कलं विकणाऱ्या पाच ऑनलाइन दुकानांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२३ साली विक्री थांबवायला लावली, तोवर ह्यांची खरेदी झालेली होती. तीन सांध्यांचा तो पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिननं १९५९ साली तयार केला आणि कंपनीनं त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं ठेवलं. एकानं फुकट दिलेला जीव दुसरा पैसे मोजून परत करतो, हे खातं कुठल्या शीर्षाखाली टाकायचं ते मला अजून कळलेलं नाही.

शेवटी पेच हिनं सोडवला. माझा कागद तिनं एकदाच पाहिला आणि विचारलं, ‘या पाच ताऱ्यांवालीच्या किमतीत ते छताचं झाकण, तो मोठा टीव्ही, चकचकीत चाकं, हे सगळं धरलंय का?’ धरलेलं होतं. ‘ते काढा की. तारे त्याच्यावर आहेत का?’ मी चौकशी केली. तारे त्याच्यावर नव्हते. सगळ्यात खालच्या, बिनझाकणाच्या प्रकारातही एअरबॅगा तेवढ्याच होत्या. फरक अडीच लाखांवरून सव्वा लाखावर आला. मुलीच्या ठेवीला हात न लावता मी स्टाफ सोसायटीचं कर्ज काढलं. असुरक्षित कर्ज, दोन जामीनदारांवर. त्यातले एक हेडकॅशियर.

गाडीला सहा आठवडे लागणार आहेत. ‘एवढं सगळं वाचल्यावर आता स्कूटर नको,’ असं हिनं जाहीर केलं आहे. तोवर आम्ही चौघं सगळीकडे रिक्षानं जातो. तिला पट्टे नाहीत, एअरबॅगा नाहीत, दारंसुद्धा नाहीत. ही मधे बसून दोन्ही मुलांचे दंड घट्ट धरून ठेवते.