रिलेची परीक्षा आणि ज्ञानाचे प्रामाण्य

मोटारीतला रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच. ८५ आणि ८६ या पायांमध्ये कॉइल असते. तिच्यातून दीडशे-दोनशे मिलिअँपिअर प्रवाह गेला की आतली पट्टी ओढली जाते, ३० आणि ८७ यांचे पॉइंट जुळतात आणि हेडलाइटचा मोठा प्रवाह सुरू होतो. तपासणीची रूढ पद्धत सोपी आहे. कॉइलचा रोध मोजतात. १२ व्होल्टच्या रिलेत तो बहुधा ५० ते १२० ओहम भरतो. मग कॉइलला बॅटरी लावतात. (आत डायोड असेल तर जोडणी उलट होता कामा नये.) ‘टिक्’ वाजले की रिले चांगला, असा निकाल लागतो.

हे अनुमान सदोष आहे. आवाजावरून पट्टी हलली एवढेच कळते. पॉइंट जळून काळे पडलेला रिलेही तसाच वाजतो. साध्य (जे सिद्ध करायचे ते) नसतानाही आढळणाऱ्या अशा हेतूला (पुराव्याला) न्यायशास्त्रात सव्यभिचार म्हणतात. गौतमाच्या न्यायसूत्रांत हेत्वाभासांची, म्हणजे फसव्या हेतूंची, गणना त्याच्यापासूनच सुरू होते.

मीटरवरही विसंबता येत नाही. जळक्या पॉइंटांचा रोध ०.१ ओहम असला, तर मीटरच्या वायरींच्या रोधात तो सहज लपून जातो. पण १० अँपिअरचा भार पडताच तिथे एक व्होल्ट खर्ची पडतो आणि दिवा मंदावतो. नैयायिकांचे परतःप्रामाण्य इथे पटते: दिसले ते पाणी की मृगजळ, हे तहान भागल्यावरच ठरते. ज्ञानाचा खरेपणा सफल प्रवृत्तीतून कळतो.

मीमांसकांना हे मान्य नाही. रिले मीटरने तपासला, मग मीटर कशाने तपासायचा? पुढच्या प्रत्येक साधनाला हाच प्रश्न लागू होतो आणि अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी, ओढवते. म्हणून कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक ज्ञान होईपर्यंत किंवा साधनातला दोष उघड होईपर्यंत ते तसेच धरायचे. गॅरेजमध्येही मीटरची टोके एकमेकांना टेकवून पाहिली की कारागीर कामाला लागतो. कारण नसताना मीटरवर संशय घेत बसत नाही. आक्षेप बिनतोड आहे, पण त्याने रिलेची सुटका होत नाही, कारण जळणारे पॉइंट हा त्याचा परिचित दोष आहे आणि तिथे संशय सकारण ठरतो.

तेव्हा दिवे चालू ठेवून ३० आणि ८७ यांच्यामधले व्होल्टेज मोजावे. ते अर्ध्या व्होल्टपर्यंत गेले, तर आवाज कितीही खणखणीत असो, रिले बदलावा.