न फुटल्याची नोंद

अभावाचे ज्ञान कसे होते, यावर नैयायिक आणि भाट्ट मीमांसक पिढ्यान्‌पिढ्या भांडले. एकाने अभाव हा सातवा पदार्थ मानून तो प्रत्यक्षाच्या कक्षेत आणला, दुसऱ्याने त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण उभे केले. एक अट मात्र दोघांनाही मान्य होती: घडा असता तर दिसला असता, अशी स्थिती असेल तरच न दिसण्यावरून तो नाही असे म्हणावे. अंधाऱ्या खोलीत न दिसलेला घडा काहीच सिद्ध करत नाही.

अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आयसीडी-१०-सीएम या रोगसूचीला ही अट अर्धीच पाळता आली आहे. छातीतल्या महाधमनीला फुगवटा आला, म्हणजे अॅन्युरिझम झाला आणि तो फुटलेला नसला, तर पूर्वी आय७१.२ हा एकच कोड होता. १ ऑक्टोबर २०२२ पासून त्याचे चार झाले: चढती महाधमनी ७१.२१, कमान ७१.२२, उतरती ७१.२३ आणि जागा लिहिलेलीच नसेल तर ७१.२०. म्हणजे जागेबाबत डॉक्टर गप्प राहिला, तर ते मौन मौन म्हणूनच नोंदले जाते. फुटण्याबाबत तो गप्प राहिला, तर मात्र कोड ‘न फुटलेला’ असाच लागतो. न लिहिणे आणि नाकारणे इथे एकच होऊन बसते.

यावर डॉक्टरच्या नोंदी वाचून हे कोड लावणारे कोडर म्हणतील, फुटलेली महाधमनी लपून राहते थोडीच? असती तर डॉक्टरने आधी तेच लिहिले असते. हे उत्तर हलके नाही. कळत-नकळत ते मीमांसकांचीच अट पुढे करते. पण ती अट तपासणीवर अवलंबून आहे. रक्तस्राव भोवतालच्या ऊतींनी काही काळ रोखून धरला, तर लक्षणे फसवी असू शकतात, आणि छातीवरून केलेल्या इकोत उतरत्या महाधमनीचा बराच भाग नीट दिसत नाही. सीटी अँजिओग्राफीने मात्र खोलीत दिवा लागतो. कोडरने स्वतः चित्रे वाचून निदान ठरवायचे नसते, आणि ते योग्यच आहे. शंका आली तर त्याने डॉक्टरला लेखी विचारायचे. पण मौनाला आधीच उत्तर ठरलेले असेल, तर शंका येणार कुठून? इको करून थांबलेला रुग्ण आणि अँजिओग्राफी झालेला रुग्ण, दोघांच्याही कागदावर ७१.२३ पडते, कोणत्या उजेडात पाहिले, ते डॉक्टरच्या टिपणात असले तर असते.