तिसाव्या दिवशी रुग्णाचं काय झालं?

डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. सत्तरच्या दशकात ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले, तेव्हा लाल विंचू चावून अत्यवस्थ झालेल्यांपैकी शंभरात पंचवीस-तीस जण दगावत. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून लिहीत राहिले: उलटी किती वाजता झाली, घाम कधी फुटला, हातपाय कधी गार पडले, रक्तदाब कितीवर गेला, छातीत पाणी कधी भरू लागलं. १९८२ साली त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे प्रॅझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरली आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं.

लोक त्या गोळीचं कौतुक करतात. मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या नोंदी. हाताखालून गेलेल्या रुग्णाचं शेवटी काय झालं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून पुढच्याचं काय करायचं ते ठरवता आलं.

आज जालन्यात व्हेंटिलेटर आहेत, मॉनिटर आहेत. ही माहिती मात्र नाही.

आयसीयूबाहेरचा जिना पाहा. थोरला मुलगा उसनवारीचा हिशेब मांडून बसलेला असतो. पुण्याचा भाऊ फोनवर सांगतो, “काहीही करा, पण आबांना वाचवा.” आतून निरोप येतो, “अठ्ठेचाळीस तास काही सांगता येत नाही.” पाचव्या दिवशी पैसे संपतात. मग ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत’ या कागदावर सही होते, घशातली नळी तशीच ठेवून आबांना रुग्णवाहिकेत घालतात आणि मंठ्याच्या घरापर्यंत नातू श्वास देणारी पिशवी, अँबू बॅग, हातानं दाबत राहतो. जीव घरी जावा, एवढीच आता इच्छा असते. दवाखान्याच्या रजिस्टरात मृत्यूची नोंद होत नाही. तिथे ‘लामा’, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेलं, असं लिहिलं जातं.

कोपनहेगनला १९५२ च्या पोलिओच्या साथीत सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळीपाळीनं अशीच पिशवी दाबून रुग्णांचा श्वास चालू ठेवला होता. आयसीयू जन्मले ते तिथून. तीच पिशवी आपल्याकडे परतीच्या वाटेवर दाबली जाते.

असं घरी नेण्यात दोन अगदी वेगळे रुग्ण एकाच मापानं मोजले जातात. मण्यार चावलेला तरुण डोळे उघडत नाही, बोटही हलवत नाही, बघणाऱ्याला गेल्यासारखाच वाटतो. त्याचा श्वास काही दिवस यंत्रावर नीट चालवला तर तो बहुधा स्वतःच्या पायांनी घरी जातो. फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेलेही कित्येक जण असेच वाचतात. अशा माणसाला पाचव्या दिवशी पैशांअभावी घरी न्यावं लागणं हा अन्याय आहे, त्याला दुसरा शब्द नाही. उलट, वर्षानुवर्षांच्या आजारानं मूत्रपिंड, यकृत, हृदय असं एकेक थकत गेलेल्या ऐंशीच्या आजोबांचं त्याच यंत्रावर नुसतं मरण लांबतं. हा फरक डॉक्टरांना बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमगतो. नातेवाइकांपर्यंत तो वेळेत पोचत नाही, आणि निर्णय आजार पाहून न होता खिसा पाहून होतो.

टाटा मेमोरियलचे डॉ. जिगीषू दिवाटिया आणि सहकाऱ्यांनी २०१०-११ मध्ये देशभरातल्या १२० आयसीयूंतल्या चार हजारांवर रुग्णांची पाहणी केली. त्यात सुमारे १८ टक्के आयसीयूतच दगावले. हा आकडा जालन्याचा नव्हे. ‘लामा’ लिहिलेल्या नावांचं पुढे काय झालं ते शोधल्याशिवाय जालन्याचा आकडा कळणारही नाही.

नातेवाइकांशी नीट बोलण्यानं काय फरक पडतो, याचाही अभ्यास झाला आहे. फ्रान्समधल्या २२ आयसीयूंत मरणाच्या दारातल्या काही रुग्णांच्या घरच्यांशी ठरवून, सावकाश बैठक घेतली. त्यांना जास्त बोलू दिलं, हातात माहितीपत्रक दिलं. २००७ साली छापलेल्या या अभ्यासात तीन महिन्यांनी मानसिक आघाताची लक्षणं नेहमीच्या पद्धतीतल्या ६९ टक्के नातेवाइकांत दिसली, तर अशी बैठक झालेल्यांपैकी ४५ टक्क्यांत. रुग्ण वाचणार नव्हतेच, पण मागे राहिलेल्यांचं जगणं सुसह्य झालं.

निरर्थक उपचार थांबवायला कायद्याची वाटही आता आहे. केईएमच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं तिची सुरुवात केली. ९ मार्च २०१८ ला निरर्थक उपचार थांबवण्याचा हक्क आणि आधी लिहून ठेवलेलं इच्छापत्र दोन्ही मान्य झालं. जानेवारी २०२३ मध्ये ते पत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करण्याची सोय झाली. उपचार थांबवायला डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. हे सोपस्कार टाळायला ‘लामा’चा कागद सोयीचा पडतो, आणि सगळा भार सही करणाऱ्या मुलाच्या माथी येतो.

जालन्यात २०२४ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. त्यानं हे काम अंगावर घ्यावं. घरच्यांची संमती घेऊन, जिल्ह्यातल्या आयसीयूतून बाहेर पडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी तिसाव्या दिवशी विद्यार्थ्यांनी फोन करावा आणि उत्तर लिहून ठेवावं. खासगी डॉक्टरांनी त्यांना साथ द्यावी. आणि वाचकहो, दिवाळीला घरचे सगळे जमतील तेव्हा आई-वडिलांना विचारून घ्या की तशी वेळ आली तर त्यांना काय हवं आहे, आणि पुण्याच्या भावालाही ते त्याच वेळी ऐकू द्या.