ताण कधी तोडायचा

मोर्शीकडच्या संत्र्याच्या बगीच्यात डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच आलेल्या माणसाला वाटतं, हा बगीचा मालकानं सोडून दिलाय. आळी कोरडी, पानं मुडपलेली, झाडाखाली पिवळ्या पानांचा सडा. विहिरीत पाणी आहे, मोटार चालू आहे, तरी झाडाला पाणी नाही. आंबिया बहारासाठी झाड ताणावर सोडलेलं असतं. थंडीत पाणी तोडलं की वाढ थांबते, अन्न फांद्यांत साठतं आणि जानेवारीत पाणी मिळाल्यावर फुलोऱ्यातून बाहेर येतं. पण ताण कमी पडला तर फुलांऐवजी नुसती पालवी फुटते. जास्त झाला तर फांद्या शेंड्याकडून वाळू लागतात, झाडावर सल दिसते. हलक्या जमिनीला थोडे दिवस पुरतात, भारी काळीला जास्त लागतात आणि मधेच अवकाळी आला तर केलेलं सगळं वाया जातं. पाणी कोणत्या सकाळी सोडायचं हे शेवटी झाडाकडे बघूनच ठरवावं लागतं. चुकलं तर वर्ष गेलं.

माझे मोठे बाबा हृदयविकाराने अचानक गेले, तेव्हा बगीचा नुकताच ताणावर गेला होता. अडीच एकर, पावणेतीनशे झाडं. तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि पाण्याचा प्रश्न मोठ्या आईसमोर येऊन उभा राहिला. तीस वर्षं तिनं त्या झाडांखाली निंदण केलं होतं, वाळलेल्या फांद्या काढल्या होत्या, तोडणीच्या मजुरांसाठी भाकरी थापल्या होत्या. कोणत्या झाडाला कुठल्या अंगानं फळ लागतं, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. पण पाणी कधी सोडायचं हे तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. व्यापारी बहार पाहायला आला की सौदा बाहेर ओट्यावर व्हायचा, ती आत चहा ठेवायची. मत विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मले काय समजते, बापा?"

आम्ही घरातली पोरं हा तिचा स्वभाव समजत आलो. मोठी आई भित्री आहे, असं मीही म्हटलेलं आहे आणि त्याची मला आज लाज वाटते. ज्या माणसाला तीस वर्षं कुणी काही विचारलं नाही, त्याच्या तोंडी दुसरं वाक्य येणार कुठून? स्वतःबद्दलची शंका आतूनच उगवते असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ती बाहेरची असते, इतरांनी घेतलेली शंका वर्षानुवर्षं पाझरून आत मुरलेली असते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावावर करा, असं त्यांनी शेतकऱ्यांना सांगितलं. बाईला धीर द्या, एवढंच सांगून ते थांबले नाहीत, सातबाऱ्यापर्यंत गेले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नाव कागदावर नसताना नुसता आत्मविश्वास बाळग म्हणणं हा अन्यायच आहे.

पण कागद होईपर्यंत झाडं थांबत नाहीत.

त्या दिवसांत मला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण यायची. शाळेचं शिक्षण नाही, अक्षरओळख लग्नानंतर घरातच झालेली. 1919 साली नारायण वामन टिळक गेले, तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं. एवढ्या नावाजलेल्या कवीचं काव्य, आणि ते पुरं करायला बसली ती त्याची बायको. आपण त्यांच्या तोडीच्या आहोत असं त्यांना वाटत असेल, हे मला खरं वाटत नाही. तरी त्यांनी ते पुरं केलं. 'स्मृतिचित्रे' लिहिणारी बाई म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण मला त्यांचं हे धाडस अधिक मोठं वाटतं. तिथे तुलना अटळ होती, आणि जिच्याशी तुलना व्हायची ती व्यक्ती सांगायला-समजवायला हयात नव्हती.

मोठ्या आईचंही तेच. शेजारचे येऊन सांगायचे, एक म्हणे आत्ता सोडा, दुसरा म्हणे संक्रांतीनंतर. ती ऐकून घ्यायची. मी मुक्कामाला होतो, त्या आठवड्यात ती रोज सकाळी बगीच्यात जायची. खुरप्यानं आळ्यात वीतभर खणायची, खालची माती मुठीत दाबायची. गोळा झाला की परत माती लोटायची आणि पुढच्या झाडाकडे जायची. पान तोडून दोन बोटांत मोडून बघायची. तिला खात्री नव्हती, म्हणूनच ती इतकं बघत होती. खात्री असलेली माणसं तारीख धरून पाणी सोडत होती. शंका माणसाला जागेवर खिळवते हे खरं, पण तीच शंका तिला रोज वाकून माती बघायला लावत होती. शंका गेली की धैर्य येईल, असं मी तोवर समजत होतो. इथे शंका होती तशीच होती आणि खुरपं चालू होतं.

जानेवारीत एका रात्री तिनं ठरवलं. कृषिपंपाची लाईन त्या आठवड्यात रातची होती, बाराच्या पुढे यायची. मोर्शी-वरूडकडे पाणी आधीच फार खोल गेलेलं, त्यामुळे आलेली लाईन वाया घालवणं परवडत नाही. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, रानडुकरांचं भय, आणि मोटारीची पेटी उघडताना तिचे हात थरथरत होते हे मी पाहिलं. मी म्हटलं, मी दाबतो बटण. ती म्हणाली, "नको. तू काय रोज येशील?" मग पहिलं पाणी हलकं, अर्धं आळं भिजेल एवढंच. "भेव तं वाटतेच ना बाबू," परत येताना ती म्हणाली, आणि पुढचं काही बोललीच नाही.

फेब्रुवारीत बगीचा फुलला. सगळा नाही. नाल्याकडच्या भारी जमिनीत दोन ओळींना पालवीच फुटली, तिथे ताण कमी पडला होता. ती त्या ओळींत बराच वेळ उभी होती, झाडं मोजत.

यंदाही डिसेंबर कोरडा गेला. परवा तिचा अमरावतीला फोन आला. नाल्याकडच्या ओळी तिनं या वर्षी मागं ठेवल्या होत्या, बाकीच्यांचं विचारत होती: "पाणी कवा सोडू रे? मले काय समजते." मला तर काहीच समजत नव्हतं, तरी मी म्हणालो, अजून आठ दिवस थांब.

"बरं," ती म्हणाली. "काल रातीच सोडलं म्या."