साहस, अविचार आणि मित्रधर्म

रायपूर येथील एका सद्गृहस्थांनी मजपुढे एक प्रश्न ठेवला. त्यांचा मुलगा तिशीतला, विवाहित, एका लहान मुलीचा पिता. पावसाळ्यातील सुटीत आपल्या बालमित्रासह सह्याद्रीत जाऊन धबधब्यातून दोराच्या साहाय्याने खाली उतरण्याचा त्याचा मनोदय आहे. वडिलांचे म्हणणे असे की, ज्याच्यावर संसाराचा भार आहे त्याने केवळ मौजेखातर जीव धोक्यात घालणे हा अधर्म होय. मुलाचे म्हणणे असे की, भीतीच्या आहारी जाणे हाच अधर्म होय. गीतेने सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासूनच केली आहे. दोघेही गीतेचे वाचक. प्रश्न एका घरचा असला तरी तो आज अनेक घरांत उपस्थित होत असल्यामुळे त्याचा येथे विचार करणे युक्त होईल.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. डोंगरातील प्रवाह ज्या घळीतून वाहतो त्याच घळीतून चालत, पोहत आणि जेथे कडा येईल तेथे दोराने उतरत जावयाचे, यास पाश्चात्त्य देशांत 'कॅन्यनिंग' म्हणतात. फ्रान्समधील व्हेर्दों नदीच्या घळीचा शोध मार्तेल याने १९०५ साली घेतला, तो संशोधनासाठी; पुढे त्याचा खेळ झाला. महाराष्ट्रात पावसाळ्यात कर्जतजवळ भिवपुरीसारख्या ठिकाणी तरुण मंडळी धबधब्यातून दोराने उतरतात. छत्तीसगढच्या वाचकांस कोसळणाऱ्या पाण्याची ओढ समजावून सांगावयास नको. इंद्रावतीचा चित्रकोट किंवा कांगेर खोऱ्यातील तीरथगड ज्याने भर पावसाळ्यात पाहिला आहे, त्याच्या मनात भय आणि आनंद एकाच वेळी दाटून आलेले असतात. ही ओढ स्वतः पापरूप नाही. ज्या गीतेने प्रवाहांमध्ये गंगा ही भगवंतांची विभूती मानली, ती जलाचे वैभव पाहून हर्षित होणाऱ्या मनास दोष कसा देईल? प्रश्न ओढीचा नसून तिच्या मागे जाण्याच्या रीतीचा आहे.

भाषांतराचे काम करणाऱ्यास येथे एक शब्द अडवतो. आज मराठीत आणि हिंदीत 'साहस' हा गौरवाचा शब्द आहे. संस्कृतात त्याचे मूळ 'सहस्' म्हणजे बळ. धर्मशास्त्रात बळजोरीने केलेल्या गुन्ह्यास 'साहस' ही संज्ञा असून अठरा व्यवहारपदांत त्याची गणना होते. 'सहसा' याचाही मूळ अर्थ एकाएकी, विचार न करता, असा आहे. म्हणजे ज्या शब्दाने आपण आज शौर्य सांगतो त्याच शब्दाने पूर्वीचे लोक अविचार सांगत. दोहोंतील अंतर किती थोडे आहे, हे भाषेनेच जपून ठेवले आहे.

मग हे अंतर ओळखावे कसे? त्याची कसोटी गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. तामस कर्माचे लक्षण सांगताना भगवंतांनी चार गोष्टींकडे होणारे दुर्लक्ष दाखविले आहे: कर्माचा पुढे होणारा परिणाम, त्यात होणारी हानी, इतरांस होणारी पीडा आणि आपले स्वतःचे सामर्थ्य. यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म तामस होय. येथे धोका असलेले प्रत्येक कर्म तामस म्हटलेले नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. निंदा धोक्याची नाही, न पाहण्याची आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातही गृहस्थास डोळ्यांना न दिसणाऱ्या दुर्गम स्थळी शिरू नये, बाहूंनी नदी तरून जाऊ नये आणि अज्ञात जलाशयात स्नान करू नये, असे सांगितले आहे. या निषेधांच्या मुळाशीही जे ठाऊक नाही त्यात उडी घेऊ नये, हाच अभिप्राय दिसतो.

मुलाने अभयाचा आधार घेतला आहे. परंतु त्याने त्याच अठराव्या अध्यायातील सात्त्विक बुद्धीचे लक्षणही पाहावे. ती बुद्धी भय आणि अभय दोन्ही जाणते. कशास भ्यावे हे ज्यास कळत नाही त्याची निर्भयता ही दैवी संपत्ती नव्हे. ती केवळ अजाणता होय. आणि वडिलांनीही तेथेच थोडे पुढे वाचावे. जी धृती भय आणि शोक यांस कवटाळून बसते तिला भगवंतांनी तामस म्हटले आहे. मुलास जन्मभर काठावर बसविणे हे काही धर्माचे रक्षण नव्हे.

आता प्रत्यक्ष दोराकडे वळू. कोरड्या कड्यावरून उतरताना दोराच्या शेवटी गाठ मारतात. उतरणारा दोर संपून खाली पडू नये म्हणून. परंतु जेथे दोराचे टोक वाहत्या पाण्यात सुटते तेथे जाणते लोक ती गाठ मारीत नाहीत. कारण माणूस गाठीशी अडकला तर पाण्याच्या माऱ्याखाली गुदमरून बुडतो. तेथे दोराची लांबी पाण्याच्या पृष्ठापर्यंत नेमकी राखून त्यातून सुटून जाण्याची वाट मोकळी ठेवतात. एके ठिकाणी जी गाठ तारते तीच दुसऱ्या ठिकाणी मारते! देश, काळ आणि पात्र पाहून धर्म ठरतो हे आपण नेहमी ऐकतो. त्याचा याहून स्पष्ट दृष्टान्त विरळा. म्हणूनच येथे धीटपणा पुरेसा नाही, विद्या हवी. आणि ती जाणत्यापाशी राहून शिकावी लागते.

ही विद्या असूनही माघारीचे धैर्य नसेल तर काय होते? दिनांक २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळील झाक्सेटबाख या ओढ्याच्या घळीत वरच्या भागातील वादळी पावसाने एकाएकी लोंढा आला आणि २१ जण प्राणास मुकले. त्यांत १८ पर्यटक होते आणि ३ वाटाडे. वाटाड्यांपाशी दोर होते, साधने होती. २००१ साली न्यायालयाने सहा जणांस निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरविले आणि अशा उपक्रमांसाठी स्वतंत्र कायदा त्या देशात २०१४ पासून लागू झाला. आपल्याकडे दिनांक ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते तर केवळ सहलीस गेले होते. मृतांस दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आपल्या डोक्यावर आकाश निरभ्र असताना वर डोंगरात पाऊस पडत असतो. पाणी गढूळ होते, पालापाचोळा वाहून येऊ लागतो, आवाज बदलतो. ही चिन्हे ओळखून त्या क्षणी बाहेर पडणे एवढेच माणसाच्या हाती असते.

येथे मित्राचा अधिकार सुरू होतो. यास्काचार्यांनी निरुक्तात 'मित्र' या देवतानामाची एक व्युत्पत्ती मरणापासून राखणारा अशी दिली आहे. धबधब्यात हा अर्थ अक्षरशः खरा ठरतो. उतरणाऱ्याचा तोल गेला तर खाली उभा असलेला सोबती दोर ताणून त्यास जागीच थांबवू शकतो. पाण्याच्या गर्जनेत शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून शिट्टीच्या खुणा आधी ठरवाव्या लागतात. परंतु सर्वांत महत्त्वाची खूण घरून निघण्यापूर्वीच ठरली पाहिजे: दोघांपैकी कोणीही 'आज नको' म्हटले तर दुसऱ्याने कारण न विचारता, थट्टा न करता मागे फिरावे. ज्यास हे बोलण्याची मोकळीक नाही तो मित्र नव्हे, केवळ सोबती. आणि ज्यास हे ऐकवत नाही तो शूर नव्हे.

कोणी म्हणेल, भगवंतांनीच अर्जुनास अपकीर्ती मरणाहून वाईट असे सांगितले नाही काय? सांगितले खरे, परंतु तेथे युद्ध हे न मागता प्राप्त झालेले कर्तव्य होते. धबधबा हे कोणाचे प्राप्त कर्तव्य नाही. तो आपण होऊन शोधलेला आनंद आहे. कर्तव्यातून पळण्यात लाज आहे, आनंद पुढे ढकलण्यात नाही. आणि सख्याचे नाते कसे असावे, हेही त्याच रणभूमीवर दिसते. सर्व ज्ञान सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनास पूर्ण विचार करून मग इच्छेस येईल तसे करावयास सांगतात. ते त्यास ढकलीत नाहीत, ओढीतही नाहीत.

म्हणून त्या सद्गृहस्थांस माझे निवेदन असे. मुलास 'जाऊ नकोस' म्हणण्यापूर्वी त्यास विचारावे: ही विद्या तू कोणापाशी शिकलास? वरच्या पावसाची वार्ता कोण ठेवणार? तुझा दोर कोणाच्या हाती आहे, आणि त्याच्या एका शब्दावर तू मागे फिरशील काय? उत्तरे समाधानकारक नसतील तर नकार द्यावा; तो भीतीचा नकार ठरणार नाही. समाधानकारक असतील तर आशीर्वाद द्यावा. आणि एक गोष्ट घरातील सर्वांनी पाळावी. मुलगा न उतरताच परत आला, तर पैसे फुकट गेले असे कोणी म्हणू नये, कोणी हसू नये. पुष्कळ तरुण पाण्याच्या ओढीने नव्हे, तर रिकाम्या हाताने परतण्याच्या लाजेने पुढे जातात. ही लाज जे घर काढून टाकते, ते आपल्या मुलाचा दोर दुरूनही धरून असते.